आमची वाटचाल: कागदाची एक पट्टी आणि पाव व्होल्ट

आम्ही व्हॉल्व्हचे, म्हणजे काचेच्या नळ्यांचे, अ‍ॅम्प्लिफायर बनवतो. ३००बी या व्हॉल्व्हचे सिंगल-एंडेड (एकच व्हॉल्व्ह अख्खी लहर हाताळतो) असे पहिले बारा अ‍ॅम्प एकाच तक्रारीसाठी परत आले: खर्ज येत नाही, आवाज वाढवला की फाटतो. कारखान्याला कुलूप लागायचीच वेळ आली होती. दोष व्हॉल्व्हचा नव्हता. व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्यामधले ट्रान्सफॉर्मर बाहेरून गुंडाळून घेतले होते आणि तिथे गाभ्याचे, म्हणजे कोअरचे, E आणि I आकाराचे पत्रे पुश-पुलसारखे (त्यात व्हॉल्व्हची जोडी उलटसुलट काम करते) उलटसुलट भरले होते. सिंगल-एंडेडच्या प्रायमरीतून, म्हणजे व्हॉल्व्हकडच्या गुंडाळीतून, ६० मिलिअँपिअर डीसी अखंड वाहतो. सगळे ई एकीकडे, आय दुसरीकडे आणि मध्ये कागदाची पट्टी, अशी फट नसेल तर कोअर सॅच्युरेट होतो, म्हणजे आणखी चुंबकत्व पेलू शकत नाही. आम्ही तपासायचो फक्त १ किलोहर्ट्झवर, तिथे लहर स्वच्छ! ३० हर्ट्झ दिल्यावर स्कोपवर (लहर दाखवणाऱ्या उपकरणावर) तिची टोकं चेपलेली दिसली. चोवीस ट्रान्सफॉर्मर उकलून पुन्हा भरले. वॉर्निशने धरलेला पहिला पत्रा सुटेपर्यंत जीव जातो, पुढचे भराभर निघतात.

पुढची काही वर्षं बरी गेली.

मग एका स्पर्धकाने आमचा ईएल३४ व्हॉल्व्हचा पुश-पुल अ‍ॅम्प आणि त्याचा केटी८८ व्हॉल्व्हचा शेजारी ठेवून लोकांना ऐकवले. आमचा ‘मरगळलेला’ ठरला. आमचे पहिले गिऱ्हाईक तिथे होते. त्यांनी मीटर लावला: स्पीकरच्या टोकांवर आमचे २.०० व्होल्ट, त्याचे २.२५. म्हणजे एक डेसिबल जास्त, आणि जास्त आवाज कानाला नेहमी जिवंत वाटतो. हे नंतर कोणी छापले नाही, म्हणून इथे लिहितो. तुलना करायची तर १ किलोहर्ट्झचा टोन देऊन दोन्हीकडचे व्होल्ट एक टक्क्याच्या आत जुळवा.

आणि स्पीकर स्वतःचाच न्या. त्याच गिऱ्हाइकांच्या स्पीकरचा रोध सुराप्रमाणे बदलतो: कुठे ५ ओहम, कुठे ३० ओहम. फीडबॅक (आउटपुटचा थोडा भाग परत इनपुटला देणं) नसलेल्या ३००बीचा आउटपुट इम्पीडन्स, म्हणजे अ‍ॅम्पचा स्वतःचा रोध, ३ ओहम धरला तर पातळीत सव्वातीन डेसिबलची चढउतार होते. ०.३ ओहमच्या पुश-पुलवर तीच अर्ध्या डेसिबलच्याही आत. ३००बीची ‘ऊब’ म्हणतात त्यात सेकंड हार्मोनिक (मूळ सुराच्या दुप्पट कंपनांचा जादा सूर) आहेच, पण बराच वाटा या चढउताराचा. गळ्याच्या गाण्याला आम्ही आजही ३००बीच लावतो. मोठ्या वाद्यमेळाला केटी८८, कारण तिथे वॅट लागतातच.

ईएल३४ वाल्यांसाठी: प्लेटची मर्यादा २५ वॅट. ४५० व्होल्टवर त्याच्या ७० टक्के म्हणजे ३९ मिलिअँपिअर, कॅथोडला जोडलेल्या १० ओहमच्या रेझिस्टरवर ०.३९ व्होल्ट. अर्धा तास तापू द्या, मग पुन्हा बघा. जोडीत २ मिलिअँपिअरपेक्षा जास्त फरक नको. प्लेट लालबुंद झाली तर नवा व्हॉल्व्ह घालू नका. जुना काढून ग्रिडच्या पिनवर बायस (व्हॉल्व्हचा प्रवाह आवरणारा उणे व्होल्टेज) मोजा, एक हात खिशात ठेवून. तो ठरल्यापेक्षा कमी उणे भरला तर बहुधा कपलिंग कपॅसिटर (आधीच्या टप्प्याचा डीसी अडवणारा) गळतोय. आधी तो बदला.