प्रोग्रामिंगसाठी पीसी: आधी लाइन बघा, मग प्रोसेसर

शहरातली माणसं पीसीची यादी प्रोसेसरपासून करतात. आपल्या गावात ती एसएमपीएसपासून, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यापासून, करावी, असं माझं ठाम मत आहे.

हरभरा-गव्हाच्या ओलितासाठी मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज 170-180 वर उतरतं, अशी गावं विदर्भात कमी नाहीत. म्हणून एसएमपीएसच्या स्टिकरवरचं इनपुट वाचूनच तो घ्या. 100-240 लिहिलेलं हवं. स्वस्तातल्या काहींवर 200-240 असतं. त्यावर पीसी मध्येच रिस्टार्ट होतो आणि लोक उगाच रॅम बदलत बसतात. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर चांगल्या कंपनीचा 450 वॉट भरपूर झाला.

पीसी घरच्या इन्व्हर्टरवर लावणार असाल तर थांबा. इन्व्हर्टरच्या यूपीएस मोडमध्ये लाइन गेल्यावर पीसी बंद पडत नाही, पण त्या मोडमध्ये बरेच इन्व्हर्टर साधारण 180 व्होल्टच्या खाली लाइन गेलीच असं धरतात. मग लाइन असूनही बॅटरी उतरत राहते आणि खऱ्या लोडशेडिंगच्या वेळी हाती काही उरत नाही. दुसऱ्या, इको मोडला कमी व्होल्टेज चालतं, पण बॅटरीवर जायला लागणारा वेळ एसएमपीएसला झेपत नाही. यावर उपाय असा: इन्व्हर्टर साइन वेव्हचा घ्या, इको मोडवर ठेवा आणि इन्व्हर्टर आणि पीसीच्या मध्ये पीसीपुरता 600 व्हीएचा लाइन-इंटरॅक्टिव्ह (व्होल्टेज कमी-जास्त झालं तर सावरणारा) यूपीएस लावा. 600 व्हीए म्हणजे साधारण 360 वॉट. पीसी, मॉनिटर, राउटर त्यात आरामात बसतात.

अर्थिंगही तपासून घ्या. मल्टिमीटरवर न्यूट्रल आणि अर्थमध्ये 2-3 व्होल्टपेक्षा जास्त दिसत असतील तर वायरमनला बोलवा. उन्हाळ्यात काळ्या जमिनीला भेगा पडतात, अर्थिंगचा खड्डा वाळतो. त्यात अधूनमधून पाणी टाकावं लागतं.

आता पार्ट. नागपूर-अमरावतीहून मागवलेला पार्ट परत करायचा म्हणजे आठवडा जातो, म्हणून ऑर्डरआधीच जुळवा. एएमडीच्या एएम4 सॉकेटच्या (प्रोसेसर बसतो त्या जागेच्या) मदरबोर्डाला डीडीआर4 रॅम, एएम5 ला फक्त डीडीआर5. इंटेलच्या एलजीए1700 सॉकेटमध्ये दोन्ही प्रकारचे बोर्ड मिळतात आणि रॅमची खाच वेगळी असते, त्यामुळे बोर्डाचं पूर्ण नाव वाचा. एएमडीच्या रायझन 5 5600 प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स नाही, 5600जी मध्ये आहे. इंटेलच्या नावाच्या शेवटी एफ असेल तर त्यातही नाही. जुन्या बी450 बोर्डावर 5600 टाकायचा असेल तर बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) आधी अपडेट केलेला हवा, नाहीतर स्क्रीन काळीच राहते.

डॉकर (प्रोग्राम वेगळ्या कप्प्यात चालवणारं साधन) आणि अँड्रॉइड एमुलेटर (पीसीवर चालणारा नकली फोन) सोबत चालवायचे तर 16 जीबी रॅम लवकर कमी पडते. चार स्लॉटचा बोर्ड घ्या, आज रॅमच्या 8-8 जीबीच्या दोन कांड्या लावा, पुढे वाढवता येतात. दोन कांड्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये.

लिनक्स वापरणार असाल तर स्वस्त वायफाय डोंगल टाळा, बऱ्याच डोंगलचे ड्रायव्हर स्वतः बसवावे लागतात. इंटेल एएक्स210 हे वायफाय कार्ड चालतं. तसंच दिसणारं एएक्स211 मात्र एएमडी बोर्डावर चालत नाही.

जोडणी झाल्यावर बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन (एमुलेटरला लागणारी प्रोसेसरची सोय) सुरू करा. एएमडीत त्याचं नाव एसव्हीएम, आणि ते बंद असेल तर एमुलेटर रांगतो किंवा सुरूच होत नाही. तिथेच वीज परत आल्यावर काय करायचं याची सेटिंग असते, ती 'पॉवर ऑफ' वर ठेवा. पावसाळ्यात लाइन ये-जा करते तेव्हा पीसी दर वेळी स्वतःहून सुरू होणार नाही.