दोन नावांमधली आडवी रेघ

पार्किंगचे 15 डॉलर जावईबापूंनी कार्डावर भरले आणि मी सवयीनं मनातल्या मनात रुपयांचा गुणाकार केला. "बाबा, आत तिकीट नाहीये, आता हिशेब बंद करा," लेक म्हणाली. कोल्हापुरात उद्यमनगरात तीस वर्षं लेथवर काढलेल्या माणसाचा हिशेब असा बंद होत नसतो, पण गप्प बसलो.

अमेरिकेत वॉशिंग्टनजवळच्या अ‍ॅशबर्नमधल्या त्यांच्या घरापासून हे उद्वार-हेझी सेंटर वीसेक मिनिटांवर. स्मिथसोनियनच्या विमान संग्रहालयाचा हा दुसरा भाग, डलेस विमानतळाला अगदी खेटून, 2003 मध्ये सुरू झालेला. गाडी नसली तर मेट्रोची सिल्व्हर लाइन आणि पुढे 983 नंबरची बस. इमारतीला नाव आहे ते स्टीव्हन उद्वार-हेझी यांचं. हंगेरीत जन्मलेला माणूस, विमानं भाड्यानं देण्याच्या धंद्यात मोठा झाला आणि इथं साडेसहा कोटी डॉलर दिले. देणगीदाराचं नाव मोठ्या अक्षरांत, हे आपल्या देवळांतही असतंच. त्याबद्दल तक्रार नाही.

दारातच डोक्यावर एक इवलंसं विमान उलटं टांगलंय. बेटी स्केल्टनचं 'लिटल स्टिंकर', पिट्स जातीचं. 1949 आणि 1950 मध्ये या बाईनं त्यातून कसरती करून लागोपाठ महिला अजिंक्यपदं मिळवली. तिथंच मान वर करून उभा होतो, तर नातवानं हात ओढला. त्याला 'डिस्कव्हरी' यान बघायचं होतं. वाटेत काळंकुट्ट ब्लॅकबर्ड, म्हणजे हेरगिरीचं विमान, त्याच्या मागे यान. यानाच्या अंगावरच्या फरश्या उष्णतेनं डागाळलेल्या, चुलीवरच्या तव्यासारख्या. ते नातवाला सांगितलं, तर त्यानं विचारलं, "आबा, चूल म्हणजे?" असो.

लेक-जावई त्याला घेऊन यानापाशी थांबले आणि मी वरच्या पुलासारख्या वाटेवरून एकटाच हिंडलो. हिरोशिमावर बॉम्ब टाकणारं 'एनोला गे' पाहिलं, काँकॉर्ड पाहिलं. त्यांच्या फोटोंना इंटरनेटवर तोटा नाही, म्हणून पुढं जातो. मी थांबलो ते एका चिमुकल्या विमानापाशी. एकाच माणसाची जागा आणि एकावर एक असे दोन पंख. नाव 'बेक-माहोनी सॉर्सरेस'. सॉर्सरेस म्हणजे चेटकीण.

पहिल्यांदा वाटलं, बसवताना काहीतरी घोटाळा झालाय. दुपंखी विमानात वरचा पंख बहुतेक वेळा थोडा पुढे असतो. इथं खालचा पुढे आणि वरचा मागे! 1930च्या दशकात बीचक्राफ्टनं एका विमानाला अशी मांडणी केली होती, पण ते श्रीमंतांचं प्रवासी वाहन. हे पठ्ठ्यानं शर्यतीसाठी केलेलं. तेव्हाची शर्यतीतली दुपंखी विमानं बहुतेक कसरतींसाठी बांधलेली असत आणि मग शर्यतीत उतरवली जात. हे विमान आखणाऱ्या ली माहोनीनं पहिल्या रेघेपासून फक्त वेगाचा विचार केला. साल साधारण 1970.

ही शर्यत काय असते ते सांगायला हवं. 1964 मध्ये बिल स्टेड या नेवाडातल्या पशुपालकानं रीनोजवळ ती भरवली, आणि पहिल्या वर्षापासून त्यात दुपंखींचा वेगळा गट होता. वाळवंटात उंच खांब रोवायचे, त्यांच्या डोक्यावर रंगवलेली पिंपं बसवायची आणि त्यांना वळसे घालत डावीकडे डावीकडे फिरायचं. खांब आतून कापला की दंड. खाली पंच मान वर करून बसलेले. मोठी विमानं हवेतूनच शर्यत सुरू करतात, दुपंखी मात्र धावपट्टीवर रांगेत उभी राहतात आणि झेंडा पडला की एकदम सुटतात. त्यात ही जागा समुद्रसपाटीपासून पाच हजार फुटांवर. हवा विरळ, इंजिनाचा दम तिथंच बराच उतरतो.

आणि दुपंखी विमान म्हणजे मुळात वेगाचं वैरी. दोन पंख एकमेकांची हवा बिघडवतात. पंखांमधले खांब, ताणलेल्या तारा, चाकांचे पाय, सगळं हवेला अडतं. इंजिन मोठं करायला नियम आडवे येतात. उरतं काय? फट बुजवायची, कोपरा गोल करायचा, वजनातला तोळा न् तोळा काढायचा. हे काम कागदावर होत नाही, बोटांनी होतं. मला ते लगेच कळलं, कारण माझंही आयुष्य बर काढण्यात गेलंय. (लेथवरचा बर, म्हणजे धातूच्या कडेला राहिलेली ती बारीक, हाताला लागणारी धार.)

माहोनीच्या विमानाला शर्यतीत नाव मिळवून दिलं ते वैमानिक डॉन बेकनं. शर्यतीत ताशी 200 मैलांच्या, म्हणजे सुमारे 320 किलोमीटरच्या पुढे गेलेलं हे पहिलं दुपंखी विमान. पुढं टॉम अ‍ॅबरलीच्या 'फँटम'नं 250 मैलांचा टप्पाही मागं टाकला. पण पहिला तो पहिला.

आता गंमत अशी, की दुपंखी शर्यत म्हटलं की लोक जिंकणाऱ्याचा फोटो शोधतात. कॉकपिटमध्ये बसलेला, हेल्मेट हातात. विमान ज्यानं घडवलं त्याचं नाव इथं निदान एका आडव्या रेघेनं जोडून तरी आहे, तेही दुसऱ्या नंबरवर.

आमच्या गावच्या बैलगाडा शर्यतीतही हेच. बैलांची नावं फ्लेक्सवर, मालकाला फेटा. छकडा करणारा सुतार कोपऱ्यात तंबाखू मळत उभा. मी लहान असताना आमच्या आळीतल्या सुतारकाकांना एका छकड्याची दांडी रंध्यानं तासताना पाहिलंय. दोन-तीन हात मारायचे, मग दांडी दोन बोटांवर तोलून बघायची. पुन्हा रंधा. पूर्ण दुपार एकाच दांडीवर. संध्याकाळी त्यांनी ती मला उचलायला दिली आणि हसले. 2014 मध्ये सुप्रीम कोर्टानं शर्यती बंद केल्या, 2021च्या डिसेंबरात पुन्हा परवानगी मिळाली, तोवर काका नव्हते. कोणाला आठवलेही नाहीत.

आपल्याकडं कांदिवलीतल्या इमारतीच्या गच्चीवर विमान बांधणारे अमोल यादव निदान पेपरात आले. 2016च्या 'मेक इन इंडिया'च्या प्रदर्शनात ते विमान ठेवलंही होतं. पण ते स्वतःच वैमानिक आणि स्वतःच कारागीर, म्हणून रेघेचा प्रश्न आला नाही.

रीनोतली शर्यत 2023 मध्ये संपली. विमानतळाभोवती घरं वाढली. आता ती न्यू मेक्सिकोतल्या रॉसवेलला गेलीय. जायचं मनात आहे, पण लेकीला अजून बोललो नाही.

तेवढ्यात नातू धावत आला. "आबा, कुठं होतात? आम्ही टॉवरवरून विमानं उतरताना बघितली!" मी त्याला चेटकीण दाखवली. त्यानं अर्धा मिनिट पाहिली, म्हणाला, "छोटं आहे," आणि निघाला. बरोबर आहे त्याचं.

रात्री मी फोटो कारखान्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. कोल्हापुरात सकाळ झाली होती. पहिलं उत्तर आमच्या जुन्या टर्नरचं: "मामा, पंख उलटे बसवलेत जनू. कुणी बगितलं न्हाई व्हय?"

मी लिहिलं, मुद्दाम बसवलेत.

थोड्या वेळानं परत मेसेज. "कुणी बसवले?"