हाम्सुन पुन्हा हातात आला

आज माळा आवरताना नॉर्वेचा लेखक क्नुट हाम्सुनची ‘हंगर’ सापडली. १८९० ची कादंबरी. आवरणं तिथंच राहिलं. धुळीतच बसून निम्मी वाचली. क्रिस्तियानियाच्या, म्हणजे आजच्या ओस्लोच्या, रस्त्यांवर उपाशी फिरणारा तो बिननावाचा लेखक! वेस्टकोट गहाण टाकतो आणि आलेल्या पैशातून भिकाऱ्याला देतो. पुढं कोटाची बटणंसुद्धा गहाण टाकायला निघतो. कॉलेजात हे वाचून मला हसू आलं होतं. आज नाही आलं.

आणि मग नेहमीचा खडा दाताखाली आलाच. १९२० चं नोबेल मिळवणाऱ्या या माणसाने १९४३ मध्ये ते पदक हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्सला देऊन टाकलं. त्याच वर्षी हिटलरला भेटला, जर्मनीने व्यापलेल्या नॉर्वेतल्या जर्मन प्रशासकाला हटवा म्हणाला, हिटलर भडकला. इथवर वाटतं, चला, डोळे उघडले असतील. छे! मे १९४५ मध्ये, सगळं संपल्यावर, त्याने वर्तमानपत्रात हिटलरचा गौरव करणारा मृत्युलेख लिहिला. कोणी बळजबरी केली नव्हती.

युद्धानंतर डॉक्टरांनी त्याची बुद्धी कायमची क्षीण झाल्याचा निर्वाळा दिला. दंड झाला ३,२५,००० क्रोनर. आणि या ‘क्षीण’ म्हाताऱ्याने नव्वदीत, १९४९ ला, आणखी एक धारदार पुस्तक काढलं! म्हणजे वयाची सबबही गेली.

बायको विचारत होती, हे रद्दीत का? पुस्तक कपाटात ठेवलंय. माळा अजून तसाच आहे.