स्पेनचा म्हणे स्पॅनियल

जुन्या फ्रेंचमध्ये ‘एस्पान्योल’ म्हणजे स्पॅनिश. त्यावरून स्पॅनियल हे शिकारी कुत्र्यांचं नाव. पण हा कुत्रा खरंच स्पेनचा का, याची जुनी साक्ष देणारा माणूस पडला स्पेनचा शेजारी, आणि तोही या कुत्र्यांवर वैतागलेला!

गास्तों फेब्युस हा फ्रान्स-स्पेनमधल्या पिरेनीज डोंगररांगेच्या फ्रेंच बाजूचा सरदार. १३८७ मध्ये त्याने शिकारीवर पुस्तक लिहायला घेतलं. त्यात तो म्हणतो, हे कुत्रे स्पेनमधून आले म्हणून हे नाव. धन्यावर जीव टाकतात, शिकवले तर पाण्यातूनही पक्षी आणून देतात. पण भांडखोर, भुंकरे आणि सोबतच्या कुत्र्यांनाही भरकटवणारे. आणि या खोडी कुठून आल्या? तर ज्या देशातून आले तो देशच तसा! बांधाला बांध लागलेल्या माणसाकडून आणखी काय ऐकायला मिळणार? शेवटी तो सांगतो की ससाणे आणि जाळं नसतं तर आपण हे कुत्रे पाळलेच नसते.

भुंकण्याबाबत माझी त्याला पूर्ण सहमती. आमची चिंगी लिफ्टचं दार वाजलं तरी अख्खा मजला जागा करते.

जाळ्याचं काम मात्र मला भारी वाटतं. तित्तिर किंवा लाव्यांचा वास लागला की कुत्र्याने पोट टेकून गप्प पडायचं आणि माणसांनी पुढे जाऊन पक्ष्यांवर जाळं ओढायचं. असं दबून बसणाऱ्यांतूनच पुढे सेटर तयार झाले. झुडपातून पक्षी उडवणारे ते स्प्रिंगर, आणि वुडकॉक या पक्ष्याच्या शिकारीचे ते कॉकर. ही नावं मला जास्त प्रामाणिक वाटतात. स्पेनचा दाखला कुणी मागायला नको.

त्यातही गंमत आहेच. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये कॉकर कुठला आणि स्प्रिंगर कुठला हे वजनावर ठरायचं. २५ पौंडांच्या आत असेल तर कॉकर. एकाच वेताची पिल्लं दोन जातींत जायची! १८९३ च्या सुमारास कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या केनेल क्लबने कॉकरला वेगळी जात मानलं.

२५ पौंड म्हणजे सव्वाअकरा किलो. चिंगी परवा डॉक्टरांच्या काट्यावर तेरा भरली. तिच्या कागदांवर कॉकर लिहिलंय, पण त्या काळच्या हिशेबाने आमच्या पोळ्यांनी तिची जातच बदलली असती.