‘भिंतीचा प्रकार : इतर’

नागपुरात तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, दाबून बांधलेल्या गाठींचं घर बांधता येतं का, असं कुणी विचारलं की मी आता उलट विचारतो : रोखीनं बांधणार की कर्ज काढून?

नकाशा अडला नाही. सांगाडा आरसीसीचा, गाठी फक्त भरावाच्या. त्यांच्यावर छताचा भार नाही, असं इंजिनिअरनं लिहून दिलं. अडलं ते बँकेच्या मूल्यांकनाच्या फॉर्मवर. ‘भिंतीचा प्रकार’ या रकान्यात वीट, ब्लॉक, आरसीसी, कच्ची आणि इतर. मूल्यांकन करणाऱ्यानं ‘इतर’वर खूण केली आणि शेजारी ‘गवत’ लिहिलं. त्या एका शब्दानं फाइल झोपड्यांच्या गठ्ठ्यात गेली. ऑक्टोबरात दिलेली, मार्चअखेर हलली.

विटांना पाच महिने थांबवता येतं. तणस थांबत नाही. भंडारा-गोंदियाकडे, मौद्याकडे धान नोव्हेंबर-डिसेंबरात निघतं. लगेच गाठी बांधून घ्यायच्या, फेब्रुवारीत भिंती भरायच्या आणि मृगाआधी दोन्ही बाजूंचा गिलावा पुरा करायचा. मार्चअखेर पैसे आले की गिलावा सापडतो मे महिन्यात, आणि नागपूरच्या मे महिन्यात चुना वाळत नाही, करपतो. हिरवी जाळी, ओली पोती आणि सकाळ-संध्याकाळ पाण्याचा फवारा, एवढं केलं तरच तडे आवरतात. गाठी पुढच्या वर्षावर ढकलायच्या, तर नुसत्या ताडपत्रीखाली नको. आतून घाम सुटतो आणि वरचा थर काळा पडतो. पक्कं छप्पर, खाली लाकडी फळ्या, चहूबाजूंनी वारा.

फाइल हलली ती शब्द बदलल्यावर. ‘आरसीसी चौकट, भार न घेणारी भरावाची भिंत, दोन्ही बाजूंनी गिलावा’ असं लिहा. खोटं काहीच नाही त्यात. सोबत भिंतीचा छेद दाखवणारं ड्रॉइंग जोडा. अमेरिकेच्या निवासी बांधकाम संहितेत २०१५ पासून या बांधकामाचं स्वतंत्र परिशिष्ट आहे, तेही लावा. ‘पेटलं तर?’ हा प्रश्न येणारच : आगीच्या चाचणीत मातीचा गिलावा असलेली भिंत १ तास आणि चुना-सिमेंटची २ तास टिकली आहे. दाबलेल्या गाठीत हवा खेळत नाही म्हणून. सुट्टं तणस मात्र भडकतं. कामावर रोज संध्याकाळी झाडून उचला. विडीवाल्यांना आधीच सांगून ठेवा.

गाठी घेताना गोल नकोत, चौकोनीच. १४ × १८ × ३६ इंचांची गाठ १५-१६ किलोंपेक्षा हलकी असेल तर परत करा. सैल गाठ भिंतीत दबून खाली बसते आणि वर फट पडते. आर्द्रतामापकाची सळई गाठीच्या पोटात खुपसा, २० टक्क्यांच्या वर आकडा गेला तर ती गाठ नको.

बिल्डर या वाटेला का येत नाहीत, त्याचंही कारण साधं आहे. बाहेरून ३० × ४० फुटांच्या घरात ९ इंची भिंत धरली तर आत १,०९७ चौरस फूट मिळतात. गिलाव्यासह २० इंची भिंत धरली तर ९७८. रेरा या घरविक्रीच्या कायद्यातल्या चटई क्षेत्रात (कार्पेट एरियात) बाहेरची भिंत मोजत नाहीत, म्हणजे ११९ चौरस फूट विकताच येत नाहीत. ४५ अंशांत गार राहणाऱ्या खोलीचा भाव कुठल्याच रकान्यात नाही.

गिलाव्याला आपली काळी माती वापरू नका, फुगते आणि फाटते. पिवळी माती आणि वाळू घ्या. जोतं २ फूट, त्यावर ओल रोखणारा थर, मग गाठी. छज्जा ३ फुटांहून कमी नको. पाण्याचा एकही नळ गाठीतून नेऊ नका.

आणि हो, कूलर. खिडकीला टेकवलेल्या कूलरचं पाणी उन्हाळाभर एकाच जागी झिरपतं. पावसानं होणार नाही एवढी भिंत त्यानं कुजते. त्याला भिंतीपासून सुटा, लोखंडी स्टँडवर ठेवा.