बॉक्सएल्डरचे ढेकूण: आमच्या अंगणातलं दुसरं वर्ष

१४ सप्टेंबर, मिनेसोटा
पश्चिमेच्या भिंतीवर आज बॉक्सएल्डर या झाडावर जगणारे पहिले आठ-दहा ढेकूण दिसले. काळं अंग, लाल रेघा, लांबी जेमतेम अर्धा इंच. कपाशीवरच्या लाल ढेकण्या ज्यांनी पाहिल्यात त्यांना हे त्यांचेच भाऊबंद वाटतील. बागेला त्यांचा त्रास जवळजवळ नाही. त्रास आहे तो घरात शिरण्याचा. गेल्या वर्षी मी दुर्लक्ष केलं आणि भर जानेवारीत, बाहेर बर्फ असताना, ते हॉलच्या खिडकीवर फिरत होते. एक पडद्यावर चिरडला गेला. तो नारिंगी डाग अजून निघालेला नाही.

२१ सप्टेंबर
दिवसभर फटी शोधल्या. एसीची नळी भिंतीत शिरते तिथे करंगळी जाईल एवढी जागा होती. टॉर्च मारला तर आत चौघे एकमेकांना चिकटून बसलेले! ब्रशने बाहेर काढले, मग सिलिकॉन भरलं. गराजच्या दाराखाली रबरी पट्टी, व्हेंटला बारीक जाळी. सायडिंगच्या, म्हणजे भिंतीवर बाहेरून लावलेल्या पट्ट्यांच्या, खालच्या कडेची भोकं मात्र बुजवू नका, आतलं पाणी तिथूनच निघतं. खरं तर हे सगळं ऑगस्टमध्येच व्हायला हवं होतं.

५ ऑक्टोबर
दुपारी उन्हाला घोळका जमला की साबणाचं पाणी मारतोय. थेट अंगावर पडलं तरच मरतात. वाळलेल्या साबणाचा काही उपयोग नाही. झाडांवर उडू देऊ नका, पानं करपतात. भिंतीच्या आत औषध मारायचा सल्ला मी मानला नाही. आत मेलेल्या ढेकणांवर कार्पेट पोखरणारे भुंगेरे येतात, मग ते निस्तरत बसायचं.

कुंपणालगतचं बॉक्सएल्डरचं झाड तोडा, असं बरेच जण सांगतात. बॉक्सएल्डरमध्ये पपईसारखी नर-मादी झाडं वेगळी असतात. आमचं मादी आहे, बियांचे घोस लटकलेत आणि या ढेकणांना त्याच बिया हव्या असतात. पण ते लांबून उडत येतात, मेपलवरही जगतात. एवढी सावली देणारं झाड त्यासाठी मी पाडणार नाही. खाली पडलेल्या बिया तेवढ्या दर आठवड्याला झाडून काढतोय.

२ नोव्हेंबर
गेल्या वर्षी या दिवसांत घरात रोज तीस-चाळीस व्हॅक्यूमने ओढत होतो. या आठवड्यात सगळे मिळून सहा! सहाही जिन्याजवळच्या एकाच खिडकीत सापडले. उद्या तिची चौकट उघडून बघतो.