लेबर की मोल्डर

कोल्हापुरात मी भाषांतराचं काम करतो. जन्मदाखले, सातबारा, लग्नाची नोंद असलं रोजचं. परवा शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीतले मोल्डर, म्हणजे वितळलेला धातू ओतायला वाळूचे साचे बनवणारे कारागीर, आले, परदेशी नोकरीचा अर्ज इंग्रजीत करून घ्यायला. कारखान्याचा दाखला आधीच इंग्रजीत होता: 'ही इज लेबोरियस. वर्क्ड अ‍ॅज लेबर.'

लेबोरियस म्हणजे कष्टाळू, असं आपण शाळेत पाठ केलेलं. जुन्या इंग्रजीत माणसाला तसं म्हणतही. आजचा इंग्रज तो शब्द कामाला लावतो, तेही रटाळ, जिवावर येणाऱ्या कामाला. कष्टाळू माणूस 'हार्डवर्किंग'.

'लेबर'नं तर घातच केला होता. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २००८ च्या वर्गीकरणात मेटल मोल्डर सातव्या गटात, कारागिरांत येतो, क्रमांक ७२११. लेबरर थेट नवव्या गटात, साध्या अंगमेहनतीच्या कामांत. ज्यानं हा दाखला टाइप केला त्यानं मोल्डिंग शॉपमध्ये कधी पाऊल टाकलं नसणार.

मी विचारलं, "तुम्ही नेमकं काय करता?" त्यांनी हवेतच मूठ आवळली.

"वाळू अशी दाबायची, सर. मूठ उघडली की बोटांचे ठसे उठाय पायजेत. ढेकूळ मोडलं तर कड धारदार ऱ्हायला पायजे. भुगा झाला तर कोरडी, हाताला चिकटली तर ओली. ओल्या वाळूत रस वतला की वाफ धरती, कास्टिंगला ब्लोहोल पडतोय, पोकळ भोक."

लॅबचा ओलाव्याचा आकडा यायच्या आत यांच्या तळहाताला कळलेलं असतं. मी 'स्किल्ड मोल्डर' लिहिलं आणि ही वाळूची पारख सविस्तर उतरवली. ते वाचून दाखवल्यावर म्हणाले, "कष्ट बी लिवा की. भट्टीम्होरं काढल्यात राती."

इथं मी अडलो. 'टॉइल'मध्ये थकवा येतो, त्यांच्या आवाजातला अभिमान येत नाही. 'ड्रजरी' म्हणजे अपमानच. 'एंडेव्हर' भाषणातला, 'एफर्ट' फारच हलका. शेवटी 'इयर्स ऑफ हार्ड वर्क अ‍ॅट द फर्नेस' लिहिलं. बरोबर आहे, पण अजून मनाला पटलेलं नाही.

कारखान्यानं दाखला बदलून द्यायला नकार दिला. फॉरमॅट ठरलेला आहे म्हणे. माणसाची आयुष्यभराची कारागिरी एका फॉरमॅटखाली गाडायची, याचा मला संताप येतो. त्यांना आयटीआयचं जुनं सर्टिफिकेट शोधायला सांगितलं. त्यावर ट्रेडच्या रकान्यात 'मोल्डर' असंच छापलंय. ते अर्जाला सर्वांत वर लावलं.